बुटीबोरीची व्हिस्की अन् रिठदचं वावर : बार्ली पेरायची का?

रिठद (ता. रिसोड) : रब्बीच्या तोंडावर यंदा पारावर एक नवीनच विषय आहे. बार्ली. नागपूरजवळ बुटीबोरीला व्हिस्कीचा मोठा कारखाना येतोय, त्याला बार्ली लागणार, मग विदर्भातल्या शेतकऱ्यानं हरभऱ्याऐवजी बार्ली पेरली तर काय हरकत आहे, असं कोणी ना कोणी बोलतं. मोबाईलवर चित्रफिती फिरतात. "दारूच्या कंपनीला माल, रोख पैसा" असं त्यात सांगतात. ऐकायला गोड आहे. पण सोयाबीनच्या भावानं पोळलेल्या माणसानं ताकही फुंकून प्यावं. म्हणून हा विषय दाण्यापासून बाटलीपर्यंत नीट उलगडून पाहू.

बातमी नेमकी काय आहे?

पेर्नोड रिकार ही फ्रान्सची मद्य कंपनी. तिच्या भारतातल्या कंपनीनं २०२४ मध्ये राज्य सरकारबरोबर करार केला. बुटीबोरीला माल्ट व्हिस्कीची डिस्टिलरी, दहा वर्षांत १,७८५ कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक, दिवसाला ६० हजार लिटर माल्ट स्पिरिटची क्षमता, असं त्या वेळी जाहीर झालं. ७०० ते ८०० रोजगार सांगितले गेले. आपल्या कामाचा आकडा त्यापुढचा आहे. वर्षाला ५० हजार टनांपर्यंत बार्ली लागेल आणि ती स्थानिक शेतकऱ्यांकडून घेतली जाईल, असं सांगण्यात आलं.

५० हजार टन म्हणजे ५ लाख क्विंटल. एकरी १२ क्विंटल उतारा धरला तर साधारण ४२ हजार एकर पेरा लागेल. हे काही किरकोळ काम नाही. महाराष्ट्रात आज बार्लीचं पीक नाही म्हटलं तरी चालेल. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि हरियाणा ही बार्लीची राज्यं. म्हणजे शून्यातून ४२ हजार एकर उभे करायचे आहेत. ते कोण करणार आणि त्याची जोखीम कोणाच्या डोक्यावर, हा खरा प्रश्न आहे.

एक घोळ आधीच मिटवू. बार्ली म्हणजे जव, काही ठिकाणी सातू म्हणतात. जवस वेगळं, ते तेलबी आहे. आणि आपल्या घरी उन्हाळ्यात जे सातूचं पीठ करतात त्यात बहुतेक वेळा भाजलेले गहू आणि डाळवं असतं, खरा सातू नसतोच. जव आपण पाहतो तो पूजेच्या साहित्यात, मूठभर.

सिंगल माल्ट म्हणजे काय?

गावात "व्हिस्की" म्हणून जी बाटली मिळते ती आणि सिंगल माल्ट या दोन फार वेगळ्या वस्तू आहेत. आपल्याकडची स्वस्त व्हिस्की बहुतेक करून उसाच्या मळीपासून किंवा तांदूळ-मका अशा धान्यापासून काढलेल्या साध्या मद्यार्काची असते. त्यात थोडं माल्ट स्पिरिट मिसळतात, रंग-चव जुळवतात, बाटली भरतात.

सिंगल माल्टमध्ये धान्य एकच, मोड आणलेली बार्ली. आणि ती सगळी एकाच डिस्टिलरीत गाळलेली. बार्ली भिजवायची, चार-पाच दिवस मोड येऊ द्यायचे, मग गरम हवेवर वाळवायची. याला माल्ट म्हणतात. लहान लेकराला नाचणीचे मोड वाळवून सत्त्व करतात, तीच तऱ्हा. मोड आल्यावर दाण्यातल्या पिठाची साखर करणारी द्रव्यं तयार होतात. मग माल्ट भरडून गरम पाण्यात साखर उतरवायची, यीस्ट टाकून आंबवायचं, तांब्याच्या भांड्यात दोनदा गाळायचं. निघतं ते पाण्यासारखं पांढरं. ते ओक लाकडाच्या पिंपात भरून वर्षानुवर्षं ठेवायचं. रंग आणि बराचसा वास त्या लाकडातून येतो. स्कॉटलंडात किमान तीन वर्षं पिंपात ठेवल्याशिवाय व्हिस्की म्हणताच येत नाही.

भारतात याची सुरुवात बेंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीनं केली. १९४८ पासूनच्या या कंपनीनं २००४ मध्ये आपला सिंगल माल्ट आधी स्कॉटलंडच्या ग्लासगोमध्ये विकायला काढला. ज्यांच्या घरची व्हिस्की, त्यांच्याच दारात जाऊन. त्यानंतर गोव्यातून पॉल जॉन आलं, उत्तर प्रदेशातून रामपूर, हरियाणातून इंद्री. मद्य उत्पादकांच्या संघटनेनं दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०२३ मध्ये भारतात विकल्या गेलेल्या सिंगल माल्टपैकी निम्म्याहून थोडा जास्त माल भारतीय होता. म्हणजे हा धंदा वाढता आहे, यात शंका नाही.

महाराष्ट्रात कोण?

आपल्या राज्यातही हे नवीन नाही. डहाणूला साउथ सीज नावाची डिस्टिलरी आहे. पारशी कुटुंबाची, जुनी. बरीच वर्षं ती दुसऱ्या कंपन्यांना माल्ट पुरवत होती, त्यामुळं नाव कोणाला माहीत नव्हतं. २०२४ मध्ये तिनं स्वतःच्या नावानं 'क्रेझी कॉक' हा सिंगल माल्ट काढला. त्याचे दोन प्रकार, 'रेअर' आणि 'धुआ'. पहिला बिनधुराचा, दुसरा नावाप्रमाणे धुराचा. त्याच डिस्टिलरीनं मोहफुलाची दारूही चांगल्या बाटलीत घालून बाजारात आणली आहे. इंग्रजांनी १८९२ मध्ये कायदा करून मोहफुलावर बंधनं घातली, तेव्हापासून जे मोहफूल चोरट्या हातभट्टीचं म्हणून बदनाम झालं, ते आज शहरात मानाच्या टेबलावर जातंय.

दुसरा माल्ट नाशिक जिल्ह्यातला. पेर्नोड रिकारनंच दिंडोरीत तयार केलेला, नाव 'लाँजिट्यूड ७७'. म्हणजे ७७ वा पूर्व रेखांश, काश्मीरपासून खाली दक्षिणेपर्यंत देशातून जाणारी रेघ. गंमत अशी की ही रेघ दिंडोरीतून जात नाही. ती जाते रिसोड आणि वाशिम यांच्या मधून, आपल्या शिवारांवरून. बाटलीवर आपला रेखांश आहे, पण आतला दाणा आपला नाही. पुढची सगळी चर्चा या एका वाक्यात आहे.

चव : दाणा किती, लाकूड किती?

शेतकऱ्याला चवीशी काय करायचं, असं कोणी म्हणेल. पण कंपनी दाण्याला किती किंमत देईल हे त्या दाण्याचा चवीत वाटा किती यावर ठरतं. बासमतीला भाव का आणि जाड्या तांदळाला का नाही? कारण वास दाण्यातच आहे. मग बार्लीचं तसं आहे का?

हे पाहण्यासाठी गोव्याचं पॉल जॉन सोयीचं आहे. दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीला ही डिस्टिलरी आहे. तिचा पहिला सिंगल माल्ट २०१२ मध्ये इंग्लंडात आला. तिच्या तीन बाटल्या एका पायरीनं चढत जातात. 'ब्रिलियन्स' बिनधुराची, 'एडिटेड' थोड्या धुराची, 'बोल्ड' भरपूर धुराची. तिन्हींत मद्यार्क ४६ टक्के. बार्ली हिमालयाच्या पायथ्याकडची, डिस्टिलरी एकच, लाकूड अमेरिकेत मक्याच्या व्हिस्कीला वापरलेल्या ओक पिंपांचं. बदल मुख्य करून धुराचा. गेल्या हिवाळ्यात गोव्याला जाणं झालं तेव्हा या तिन्ही थोड्या थोड्या चाखून पाहिल्या. चाखायची रीत साधी आहे. पेल्यात चमचा-दोन चमचे घ्यायची, नाक पेल्याच्या थोडं वर धरून हळू वास घ्यायचा, मग एक बारीक घोट जिभेवर फिरवायचा. नंतर चार थेंब पाणी टाकून पुन्हा तेच. पाण्यानं जळजळ कमी होते आणि दबलेला वास वर येतो. सोडा, बर्फ, फरसाण यांचं तिथं काम नाही.

ब्रिलियन्सचा वास गुऱ्हाळात काकवी उतरवताना येतो त्याच्या जवळचा. मागून दालचिनी, थोडी संत्र्याची साल. जिभेवर गोडसर, शेवटी मिऱ्यासारखी झणझण. पाणी टाकल्यावर भाजलेल्या धान्याचा वास येतो. तोच काय तो दाण्याचा आवाज.

एडिटेडमध्ये हाच गोडवा आहे, पण पाठीमागून धूर येतो. जास्त नाही, विझत आलेल्या चुलीइतका. कॉफीसारखा कडवटपणा आहे. तिघांत ही मला सगळ्यात तोलाची वाटली. गोड आणि कडू एकमेकांना खात नाहीत.

बोल्डमध्ये धूर पुढं येतो आणि बाकी सगळं मागं जातं. शेतात गोवऱ्यांवर पानगे-रोडगे भाजताना कपड्यांत जो वास बसतो, तसा तो तोंडात बसून राहतो. ज्याला हुरड्याच्या आगटीचा धूर आवडतो त्याला ही आवडेल, बाकीच्यांना औषधासारखी लागेल. हा धूर येतो पीटमधून. पीट म्हणजे थंड प्रदेशातल्या दलदलीत हजारो वर्षं कुजून साठलेला पाला-मुळांचा थर, वाळवून जाळतात. ते स्कॉटलंडाहून येतं. बार्ली वाळवताना त्याचा धूर दिला की दाणा तो धरून ठेवतो.

आता हिशेब करा. गोडवा बराचसा लाकडाचा, कडवट धूर पीटचा, फळांचा वास आंबवणीचा. दाण्याचा वाटा आहे, पण तो पायासारखा आहे, जमिनीखालचा. पाया नसेल तर घर नाही, पण घर पाहायला आलेला माणूस पाया पाहत नाही. कंपनीला दाण्याकडून वास कमी आणि साखर जास्त पाहिजे. म्हणजे "आमच्या काळ्या मातीतल्या बार्लीची चव वेगळी" असं सांगून आपल्याला जास्त भाव मिळेल, ही आशा आज तरी धरू नये. उद्या एखादी कंपनी बाटलीवर शिवाराचं नाव लिहील तर गोष्ट वेगळी. परदेशात काही डिस्टिलऱ्या एकाच शेताच्या बार्लीची व्हिस्की काढून शेतकऱ्याचं नाव छापतात. आपल्याकडं तो दिवस यायचा आहे.

उन्हाचा खर्च

आणखी एक गोष्ट. पिंपातली व्हिस्की हळूहळू उडून जाते. स्कॉटलंडात वर्षाला साधारण २ टक्के. गोव्यात ८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे २०० लिटरचं पिंप गोव्यात पाच वर्षं ठेवलं तर १३२ लिटरच्या आसपास उरतं. नागपूरचा मे महिना सर्वांना माहीत आहे. कोरड्या उन्हात घट कमी होणार नाही. फायदा असा की उष्णतेत व्हिस्की लवकर पिकते. म्हणून भारतातल्या बऱ्याच चांगल्या बाटल्या पाच-सात वर्षांच्याच असतात आणि तरी परदेशात बक्षिसं घेतात. पॉल जॉनच्याच 'मिथुना' या बाटलीला २०२१ च्या व्हिस्की बायबलमध्ये जगात तिसरा क्रमांक मिळाला होता.

एका बाटलीत किती बार्ली?

हा हिशेब मी बऱ्याच जणांना सांगितला, कोणाचा विश्वास बसला नाही. तुम्हीच करून पाहा.

एक टन माल्टपासून साधारण ४०० लिटर शुद्ध मद्यार्क निघतो. ७५० मिलीच्या ४६ टक्के बाटलीत ३४५ मिली शुद्ध मद्यार्क असतो. म्हणजे एका बाटलीला ८६० ग्रॅमच्या आसपास माल्ट, त्यासाठी एक किलोच्या थोडी वर बार्ली. त्यात पिंपातली पाच वर्षांची घट मिळवली तर दीड किलो, फार तर पावणेदोन किलो.

२०२६-२७ च्या पणन हंगामासाठी केंद्रानं बार्लीचा हमीभाव २,१५० रुपये क्विंटल ठरवला आहे. म्हणजे किलोला साडेएकवीस रुपये. दीड किलोचे झाले ३२ रुपये. आणि चांगल्या सिंगल माल्टची बाटली आपल्या राज्यात काही हजार रुपयांना जाते. त्यात कर आहेत, पिंपं आहेत, पाच वर्षं अडकलेलं भांडवल आहे, जाहिरात आहे, दुकानदाराचा नफा आहे. सगळं खरं. पण शेतकऱ्याचे बत्तीस रुपये. बाटलीच्या बुचाला आणि खोक्याला याहून जास्त खर्च येत असेल तर नवल नाही.

आपल्या वावरातला हिशेब

आता रिठदच्या जमिनीवर येऊ. रब्बीत आपल्यापुढं हरभरा आणि पाणी असेल तर गहू. त्याच पणन हंगामाचे हमीभाव असे आहेत. हरभरा ५,८७५, गहू २,५८५, बार्ली २,१५०.

एकरी हरभरा ८ क्विंटल धरला तर ४७ हजार रुपये. गहू १६ क्विंटल धरला तर ४१ हजारांच्या वर. बार्ली १२ क्विंटल धरली तर २५,८००. उतारा वावरागणिक बदलेल, पण फरक एवढा आहे की थोड्या बदलानं तो भरून निघत नाही. आणि हमीभावाचं सांगायचं तर बार्लीची सरकारी खरेदी जवळपास होतच नाही. कागदावरचा भाव आहे तो.

बार्लीच्या बाजूनंही बोललं पाहिजे. तिला पाणी कमी लागतं. गव्हाला पाच-सहा पाणी, बार्लीला दोन-तीनमध्ये भागतं. हलकी, थोडी खारवट जमीन ती सहन करते. विहीर फेब्रुवारीत तळ गाठते अशा वावरात गव्हापेक्षा ती सोपी पडेल. सोयाबीन-हरभरा याच फेऱ्यात अडकलेल्या जमिनीला तृणधान्य मिळालं तर मर रोगाचा फेराही थोडा तुटतो.

पण दारूची बार्ली आणि गुरांची बार्ली यात फरक आहे. माल्टसाठी दाणा टपोरा, एकसारखा पाहिजे. प्रथिनं साधारण ९ ते साडेअकरा टक्क्यांच्या आत पाहिजेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दाणा जिवंत पाहिजे. शंभरातले पंच्याण्णवच्या वर दाणे उगवले पाहिजेत, नाहीतर मोडच येणार नाहीत. आता आपला फेब्रुवारी-मार्च आठवा. ऊन लवकर तापलं की दाणा भरायच्या आत पिकतो, बारीक राहतो आणि त्यात प्रथिनांचं प्रमाण वाढतं. युरिया जास्त पडला तरी तेच. काढणीच्या वेळी अवकाळी झाला, गारपीट झाली, तर दाणा काळा पडतो नाहीतर उभ्या ताटावरच मोड फुटतो. असा माल माल्टला नापास. मग तो गुरांच्या खाद्याच्या भावानं जाईल.

नापास म्हणजे काय ते आपल्याला शिकवायला नको. २०२४ च्या हंगामात सोयाबीनच्या ओलाव्यावरून खरेदी केंद्रावर काय हाल झाले ते ताजं आहे. १२ टक्क्यांची अट १५ टक्के व्हायला नोव्हेंबर उजाडला, तोवर गरजवंतानं माल व्यापाऱ्याला देऊन टाकला होता. ४,८९२ चा हमीभाव कागदावर राहिला.

कंपनी जास्त भाव देऊ शकते का? देऊ शकते. देईल का?

हरभऱ्याइतके पैसे सुटायचे तर बार्लीला क्विंटलला ३,९०० च्या आसपास भाव पाहिजे. तो दिला तर बाटलीमागं कंपनीचा खर्च वाढेल २६ रुपये. हजारोंच्या बाटलीत २६ रुपये. म्हणजे परवडत नाही असं नाही.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, बुटीबोरीचं सगळं स्पिरिट सिंगल माल्टच्या महाग बाटलीत जाईल असं नाही. मोठ्या कंपन्यांचं माल्ट मुख्य करून मिश्र व्हिस्कीत जातं, तिथं बाटली स्वस्त असते आणि पै-पैचा हिशेब असतो. दोन, कंपनीपुढं राजस्थान आहे. तिथला भाव अधिक नागपूरपर्यंतचं गाडीभाडं, ही आपल्या भावाची वरची हद्द. त्याच्या वर कोणी का देईल? म्हणजे आपल्याला जास्तीचं मिळू शकतं ते गाडीभाड्याच्या फरकाएवढं. बाकी सगळं कराराच्या जोरावर.

त्यात भारत-इंग्लंड व्यापार करार आहे. २४ जुलै २०२५ ला तो झाला. त्यात स्कॉच व्हिस्कीवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. स्कॉच स्वस्त झाली की भारतीय माल्टवर दबाव येईल. दबाव आला की कंपनी आधी कुठं हात आखडता घेते हे उसाच्या, कापसाच्या, दुधाच्या शेतकऱ्याला विचारा.

याआधी दोनदा पाहिलं आहे

हा प्रयोग पहिला नाही. २००७ मध्ये राज्य सरकारनं धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचं धोरण आणलं. तेव्हाही हेच सांगितलं होतं की विदर्भ-मराठवाड्याच्या ज्वारीला, बाजरीला, मक्याला भाव येईल. धान्याची दारू नको म्हणून मोठा विरोध झाला, पुढं सरकारला हात आवरावा लागला. या सगळ्यात ज्वारीचं काय झालं? आपल्या शिवारात आज ज्वारी शोधावी लागते. कडब्यासाठी लोक दुसऱ्या तालुक्यात जातात. कारखान्याला अनुदान मिळालं, दाण्याला भाव मिळाला नाही. कारण धोरणात कारखान्यासाठी रुपये लिहिले होते, शेतकऱ्यासाठी फक्त आशा लिहिली होती.

दुसरं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं, चिया. वाशिमच्या शेतकऱ्यांनी हे परकं पीक स्वतःच्या हिमतीवर उभं केलं. सुरुवातीला माल घेऊन मध्य प्रदेशातल्या नीमचला जावं लागायचं. पेरा वाढला तेव्हा वाशिमच्या बाजार समितीत चियाची खरेदी सुरू झाली. भाव खाली-वर होतो, पण माल घेणारे अनेक आहेत, बोली लागते. बार्लीचं तसं नाही. माल्टची बार्ली घेणारा नागपूरकडं एकच मोठा असेल. एक घेणारा आणि हजारो विकणारे, तिथं भाव कोण ठरवतो हे सांगायची गरज नाही.

दारूचा प्रश्न टाळता येत नाही

काही जण म्हणतील, दारूसाठी धान्य पिकवायचंच कशाला? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बुटीबोरीच्या शेजारचा वर्धा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीचा. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी. चंद्रपुरात २०१५ ला झाली, २०२१ ला उठली. गावोगावच्या बायांनी बाटली आडवी करायला मतदान केलं आहे. ज्या घरातला माणूस दारूनं गेला, त्या घराला "सिंगल माल्ट ही वेगळी, चाखायची वस्तू आहे" हे सांगून उपयोग नाही.

पण एक पाहा. जून २०२५ मध्ये राज्यानं उत्पादन शुल्क वाढवलं. देशीची १८० मिलीची बाटली किमान ८० रुपयांवर गेली, भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याची २०५ वर. धान्यापासूनच्या 'महाराष्ट्र मेड लिकर' या नव्या वर्गाची १४८ ठरली. सरकारला वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील असा अंदाज सांगितला गेला. शुल्क तिपटीवरून साडेचारपट झालं ते लिटरला २६० रुपयांपर्यंत निर्मिती मूल्य असलेल्या मद्यावर. म्हणजे भार मुख्यतः स्वस्त पिणाऱ्यावर, मजुरावर पडला. तो प्यायचं थांबवेल का घरातलं धान्य विकेल, हे प्रत्येक गावाला माहीत आहे. सरकारचा पैसा त्याच्याकडून येतो आणि मानाचे फोटो महाग बाटलीचे निघतात.

माझं मत एवढंच, की पीक काय घ्यायचं हा ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय आहे. द्राक्षाची वाईन होते, उसाची मळी दारूला जाते, त्या शेतकऱ्याला कोणी पापी म्हणत नाही. पण दारूच्या धंद्यात शिरायचं तर डोळे उघडे ठेवून शिरावं, आणि घरच्या बाईला विचारून.

मग करायचं काय?

यंदा कोणी बार्लीचं बियाणं घेऊन दारात आला तर सही करण्याआधी हे सात प्रश्न विचारा. उत्तर तोंडी नको, लेखी घ्या.

१. खरेदीचा भाव पेरणीआधी ठरला आहे का? आकडा काय? "बाजारभावाप्रमाणे" हे उत्तर चालणार नाही, कारण आपल्याकडं बार्लीचा बाजारच नाही.

२. करार कोणाशी? कंपनीशी की मधल्या माणसाशी? पैसे बुडाले तर कोणाच्या दारात जायचं?

३. वाण कोणता आणि तो आपल्या उन्हात घेऊन पाहिला आहे का? अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला किंवा जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारल्याशिवाय बियाणं घेऊ नका.

४. दाणा तपासणी कुठं होणार, आणि ती शेतकऱ्याच्या समोर होणार का?

५. नापास मालाचं काय? ठरलेला खालचा भाव आहे का, की गाडी परत आणायची?

६. वाहतूक कोणाची? माल गावात घेणार की बुटीबोरीला पोचवायचा?

७. अवकाळीत, गारपिटीत नुकसान झालं तर पीक विम्यात हे पीक बसतं का?

सातांपैकी पाचांची उत्तरं नीट मिळाली तर अर्धा एकर करून पाहायला हरकत नाही, तेही गव्हाच्या जागी, हरभऱ्याच्या नाही. दहा-वीस जणांनी मिळून, शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत केलं तर बोलायला ताकद राहील. दाण्याची उगवण घरीच तपासा. शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळा, चार दिवसांनी मोड मोजा. केंद्रावरचा माणूस काही सांगो, आपल्या हातात आपला आकडा पाहिजे.

लोकप्रतिनिधींनीही एक काम करावं. करारात सांगितलेली ५० हजार टन बार्ली कोणत्या जिल्ह्यातून, कोणत्या भावानं, कोणत्या वर्षापासून घेणार, हे कंपनीकडून आणि उद्योग खात्याकडून लेखी मागावं आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयात फलकावर लावावं. कारखान्याला जमीन, पाणी, सवलत देताना सगळं कागदावर होतं. दाण्याचा भावही कागदावर यायला पाहिजे. तो येईपर्यंत रिठदच्या वावरात हरभराच बरा.